ॲन्सिलरी

बँकेत सर्क्युलर आलं की सगळी शाखा एकाच माणसाकडे बघू लागते. प्रत्येक शाखेत असा एक माणूस असतो. आमच्या तलासरी शाखेत तो मी आहे. वास्तविक मी साधा बी.कॉम., सेकंड क्लास. पण कॉलेजात असताना निबंधाला एकदा बक्षीस मिळाल्याचं मीच कधीतरी चहाच्या वेळी बोलून गेलो होतो. माणसानं चहाच्या वेळी गप्प बसावं ते एवढ्यासाठी.

त्या दिवशीच्या सर्क्युलराचा मजकूर असा की, प्रत्येक शाखेनं आपल्या 'ॲन्सिलरी सर्व्हिसेस'चा फलक स्थानिक भाषेत तयार करून दर्शनी भागात लावावा आणि त्याचा फोटो वर पाठवावा. आता ॲन्सिलरी सर्व्हिसेस म्हणजे काय, तर ठेवी घेणं आणि कर्ज देणं सोडून बँक आणखी जे काही करते ते सगळं. लॉकर, ड्राफ्ट, विमा, म्युच्युअल फंड, झालंच तर पासबुकाच्या मशीनला थोपटणं. आमचे साहेब मूळचे मदुराईचे. ते म्हणाले, "तुमचीच भाषा आहे. एका शब्दाचं भाषांतर. पाच मिनिटांचं काम."

त्या पाच मिनिटांना तीन आठवडे लागले.

प्रथम मी रीतसर कोशात पाहिलं. मराठीनं सरकारी शब्दांच्या बाबतीत काही कमी सोसलेलं नाही. १९६० साली राज्य झालं, त्याच वर्षी भाषा संचालनालय निघालं, १९६२ साली पदनाम कोश निघाला आणि काही मंडळींनी लगेच त्याचा 'बदनाम कोश' करून टाकला. त्या परंपरेला जागून मला चार शब्द सापडले: साहाय्यक, दुय्यम, पूरक आणि आनुषंगिक. 'साहाय्यक सेवा' म्हटलं की घाटात गाडी बंद पडल्यासारखं वाटतं. 'दुय्यम सेवा' असा बोर्ड लावल्यावर दागिने लॉकरमध्ये कोण ठेवणार? 'पूरक' म्हणजे अंगणवाडीतला आहार. राहिलं 'आनुषंगिक'. हा शब्द मी एका चिकूवाल्या खातेदारासमोर मुद्दाम मोठ्यानं वाचून पाहिला. त्यांनी काळजीनं विचारलं, "त्याचा दंड किती बसतो?"

घरी सौ.ला विचारलं. ती डहाणूच्या एका शाळेत शिकवते. म्हणजे शिकवते असं आपण म्हणायचं. तिच्या नेमणुकीच्या कागदावर 'सहशिक्षिका' असं लिहिलेलं आहे. वर्गात साठ मुलं आणि समोर ही एकटी.

"यातलं 'सह' कोणाचं?" ती म्हणाली. "मुख्याध्यापक दिवसभर कागदावर सह्या करतात. ते मुख्य. आम्ही घसा फोडतो, ते सह. तुमच्या फळ्यावर 'सह' तेवढं लिहू नका."

मग थोडं थांबून म्हणाली, "आणि तुमचं तरी काय? गेल्या वर्षापर्यंत तुम्ही क्लार्क होता. आता काय झालात?"

हे मात्र जिव्हारी लागलं. २०२४ सालच्या वेतन करारात आम्हा कारकुनांचं बारसं होऊन आम्ही 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' झालो. असोसिएट म्हणजे सहकारी, सोबती. मी कोणाचा सोबती झालो ते कळलेलं नाही. खुर्ची तीच आहे, खुर्चीचा डुगडुगणारा पायही तोच आहे.

खरं म्हणजे ॲन्सिलरी या शब्दाची आणि माझी ओळख जुनी होती. मी बँकेत लागलो तेव्हा लघुउद्योगांच्या कर्जाच्या फॉर्मवर 'एस.एस.आय.' आणि 'ॲन्सिलरी' असे दोन चौकोन शेजारीशेजारी असायचे. मोठ्या कारखान्याला लागणारे सुटे भाग करून देणारा तो ॲन्सिलरी. पण 'करून देणारा' एवढं मोघम सरकारला चालत नाही. व्याख्या होती की ज्याचं निदान पन्नास टक्के उत्पादन दुसऱ्या उद्योगाला जातं तो ॲन्सिलरी. म्हणजे एकोणपन्नास टक्के माल दुसऱ्याला दिलात तर तुम्ही स्वतंत्र उद्योजक आणि पन्नास टक्के दिलात की तुम्ही त्याचे मदतनीस. चाकरीचा इतका चोख हिशोब दुसरीकडे कुठे पाहिला नाही. २००६ साली सूक्ष्म, लघु आणि मध्यम असा नवा कायदा आला, त्यात तो चौकोन गेला.

डहाणूत त्या चौकोनावर टिक करायची वेळ तशी कमीच यायची. २० जून १९९१ च्या अधिसूचनेनं अख्खा डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीनं नाजूक ठरला आणि कारखान्यांना लगाम बसला. चिकूच्या वाड्या तेवढ्या राहिल्या, त्यांच्या कडेकडेनं छोटे धंदे राहिले. फुगे करणारे आहेत. सोनारांना दागिन्यांचे साचे, म्हणजे डाय, कोरून देणारे कारागीर आहेत. हा धंदा मला फार आवडतो. नवरीच्या गळ्यातल्या दागिन्याची नक्षी आधी एका लोखंडाच्या तुकड्यावर उलटी कोरलेली असते, आणि ती कोरणाऱ्याला लग्नाचं आमंत्रण नसतं.

तर असा कुठलाच शब्द बसेना तेव्हा मी म्हटलं, मुळात जाऊन पाहावं. भाड्याच्या घराची भिंत गळायला लागली की आपण वरच्या मजल्यावर जाऊन पाहतो तसं. इंग्रजी कोशात वरच्या मजल्यावर लॅटिन राहते. तिथे कळलं की ॲन्सिलरी हा शब्द 'ॲन्सिला'वरून आला आणि ॲन्सिला म्हणजे मोलकरीण. मोलकरीण तरी कसली, मोल घेणारी नव्हेच. रोमन घरातली विकत घेतलेली दासी. पुढे युरोपातल्या पंडितांनी 'तत्त्वज्ञान ही धर्मशास्त्राची ॲन्सिला' असं म्हणायला सुरुवात केली, म्हणजे दासीला जरा बरे दिवस आले. पण कामाचं स्वरूप तेच: मालकिणीनं हाक मारली की पदर खोचून हजर.

त्याच्याही वर माळ्यावर चढलो तर आणखी मजा. या ॲन्सिलाचा मूळ अर्थ 'अवतीभवती फिरणारी' असा लावतात. आपल्याकडे परि म्हणजे अवतीभवती आणि चर म्हणजे फिरणारा, परिचर, परिचारिका. भाषेचे जाणकार तर सांगतात की हा 'चर' आणि त्या शब्दातलं फिरणं ही एकाच मूळ धातूची लेकरं. म्हणजे रोमची दासी आणि आपली परिचारिका लांबच्या मावसबहिणी निघाल्या. इकडे काय, तिकडे काय, जी सगळ्यात जास्त चालते तिचं नाव 'आजूबाजूची' असं ठेवायचं यावर दोन्ही संस्कृतींचं एकमत दिसतं.

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मोठ्या तोऱ्यात सांगितलं. साहेब मोबाईलवर होते. ऐकत होते ते फक्त मामा.

मामा म्हणजे आमचे शिपाई. बँकेच्या भाषेत सब-स्टाफ. म्हणजे स्टाफ तर खरा, पण जरा खालचा. मामा वारली, झरी गावाकडचे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. आमची शाखा खरं तर तेच चालवतात. पाड्यावरून आलेली म्हातारी काउंटरला उभी राहून जे बोलते त्यातलं निम्मं मला कळत नाही आणि साहेबांना काहीच कळत नाही. मामा स्टूलवरून उठून येतात, दोन शब्द तिच्याशी बोलतात, दोन शब्द माझ्याशी बोलतात आणि व्यवहार पुरा होतो. साहेब त्यावर सही करतात.

मी म्हटलं, "मामा, ॲन्सिलरी म्हणजे खरं तर घरातली दासी."

मामांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "मग आमच्या आजीला इंग्रजी नाव होतं म्हणायचं."

मला वाटलं मामा थट्टा करताहेत. ते थट्टा करतात, पण भाकरी खाताना नाही.

"आजा लग्नगडी होता," ते म्हणाले.

मराठीत गडी हा मोठा गमतीचा शब्द आहे. हुतुतूच्या मैदानात गडी म्हणजे भिडू. 'गडी रंगात आला' म्हणजे तरणाबांड पुरुष. आणि घरात 'गडी ठेवला' म्हणजे नोकर. एकाच शब्दात दोस्त, मर्द आणि चाकर. डहाणू-तलासरीच्या बाजूला स्वातंत्र्याच्या आधी त्याला 'लग्न' हा शब्द जोडला जायचा. वारल्याच्या पोराचं लग्न ठरायचं. लग्नाला पैसे हवेत. पैसे जमीनदाराकडे, सावकाराकडे. शंभराच्या आतबाहेर रक्कम. ती फेडायची कशी, तर लग्न झाल्यापासून मालकाच्या घरी आणि शेतावर राबून. मजुरी नाही, पोटाला काहीतरी. रक्कम कधी फिटली ते सांगणारा हिशोब मालकाच्याच वहीत, त्यामुळे ती फिटत नसे. आणि एकटा गडी राबायचा नाही. ज्या बायकोसाठी कर्ज काढलं ती बायकोही मालकाच्या दारात झाडलोट करायला उभी. १९३७ साली मुंबई सरकारनं सिमिंग्टन नावाच्या आय.सी.एस. अधिकाऱ्याला आदिवासींची स्थिती पाहायला नेमलं. त्यांचा अहवाल १९३९ साली आला, त्यात ही लग्नगड्यांची पद्धत लिहिलेली आहे. अहवाल आला आणि कपाटात गेला. आपल्याकडे अहवालांनाही पोटावारी ठेवून घेतात.

यात मला एक गोष्ट फार विचित्र वाटली. वारल्यांचं लग्न बाई लावते. तिला धवलेरी म्हणतात. ती गाणी म्हणते, तिच्याशिवाय विधी होत नाही. भिंतीवर तांदळाच्या पिठानं लग्नाचा चौक काढतात त्याही सवाष्णी, आणि चौकाच्या मध्यभागी देवीच, पालघट. आता त्या चित्रांना जगभर मागणी आहे. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्रीही मिळाली. तर लग्नाच्या मांडवात सगळा कारभार बाईचा. आणि तोच मांडव उतरला की ती नवरी मालकाच्या वहीत नवऱ्याच्या नावाला जोडून दिलेली. तिचं स्वतंत्र खातंही नाही. ॲन्सिलरी!

मामांची आजी २३ मे १९४५ ला झरीच्या सभेला गेली होती. हे मामा अगदी तारखेनिशी सांगतात, कारण त्या भागात ती तारीख घरोघर ठाऊक आहे. त्या वर्षीच्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिला इथले काही वारली जाऊन आले आणि येऊन गावांत बोलले. मग झरीला हजारो माणसं जमली. तेव्हा हा मुलूख उंबरगाव तालुक्यात होता. सभेत ठरलं ते एवढंच: वेठ करायची नाही, आणि मालकाच्या जमिनीवर राबायचं तर दिवसाला बारा आणे रोख. पुढच्या काही आठवड्यांत लग्नगडी मोकळे झाले. कोर्ट नाही, कचेरी नाही, ठराव करून माणसं उठली आणि घरी गेली.

'वेठ' शब्द आपण अजून वापरतो. आम्ही बँकवाले एक दिवस संप केला की दुसऱ्या दिवशी छापून येतं, 'ग्राहकांना वेठीस धरले'. एअरकंडिशनमध्ये परत फिरावं लागलेल्या ग्राहकाला तो शब्द वापरताना मलाही पूर्वी काही वाटत नसे.

या सगळ्याच्या मागे उभ्या होत्या त्या शामराव आणि गोदावरी परुळेकर. गोदावरीबाई मूळच्या पुण्याच्या गोखले, कायदा शिकलेल्या. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ साली काढलेल्या भारत सेवक समाजाच्या त्या पहिल्या स्त्री सदस्य. म्हणजे बाई आधी कागदोपत्री 'सेवक' झाल्या आणि मग जे खरोखरचे सेवक होते त्यांच्यात जाऊन राहिल्या. त्यांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' १९७० साली आलं, १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. आमच्या घरी ते पुस्तक होतं. वडिलांनी त्याला ब्राउन पेपरचं कव्हर घातलं होतं. इतर पुस्तकांना नव्हतं. त्याचं कारण मला तेव्हा समजलं नाही.

ऑक्टोबर उजाडला, गवत कापणीला आलं. इथलं गवत गठ्ठे बांधून मुंबईच्या तबेल्यांना जायचं. वारल्यांनी पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये मागितले आणि विळे खाली ठेवले. तेव्हा मालकांच्या ध्यानात आलं की गवत आपलं आहे, जमीन आपली आहे, वही आपली आहे, आणि गवत मात्र उभ्याउभ्या वाळतंय. त्याच दिवसांत, १० ऑक्टोबरला, गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे अशी आवई उठवली गेली. त्यांना वाचवायला म्हणून माणसं तलवाड्याला गोळा झाली आणि पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या. पाच जण मेले. जेठ्या गांगड हे त्यातलं नाव अजून घेतलं जातं. मामांचा आजा त्या रात्री तिथे होता. तो परत आला, पण त्या रात्रीबद्दल कधी बोलला नाही, असं मामा म्हणाले. बोलायची ती आजी.

आणि इथे मला खोकला आला.

कारण आमचे आजोबाही त्या काळी याच भागात होते. घरात नेहमी सांगितलं जायचं, "आजोबा इस्टेटीवर होते." लहानपणी मला वाटायचं इस्टेट आपलीच होती आणि कोणीतरी भाऊबंदानं लुबाडली. शाळेत मी तसं सांगतही असे. मोठा झाल्यावर कळलं की इस्टेट एका जमीनदाराची, आजोबा तिथे दिवाणजी. अक्षर मोत्यासारखं. देणंघेणं लिहायचं काम त्यांच्याकडे. कोणी लग्नासाठी पैसे नेले की नाव, बापाचं नाव, पाडा, रक्कम आणि अंगठा. व्याज मालक सांगणार, आजोबा लिहिणार. ते कोणावर ओरडले नसतील, कोणाला मारलं तर मुळीच नसेल. ते सकाळी गीतेचा अध्याय म्हणत. त्यांनी फक्त लिहिलं. मालकाला लिहिता येत असतं तर आमच्या आजोबांची गरज नव्हती, आणि आजोबांनी लिहिलं नसतं तर ते शंभर रुपये दोन जन्म पुरले नसते. साहाय्यक हा शब्द कोणाला बसतो ते मला मामांच्या समोर बसून कळत होतं, आणि डब्यातली भाजी संपत नव्हती.

तुम्ही म्हणाल, यात तुमचा काय दोष? हेच मी स्वतःला म्हटलं. हिशोब जुळत नसला की आम्ही ती रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतो आणि घरी जातो. आजोबांना मी बरीच वर्षं सस्पेन्समध्येच ठेवलं होतं.

त्या रात्री मी वेठबिगारीचा कायदा काढून वाचला. १९७५ च्या ऑक्टोबरात वटहुकूम आला, १९७६ साली कायदा झाला. त्याच्या व्याख्येत देशभरातल्या बांधील मजुरीच्या पद्धतींची स्थानिक नावं दिली आहेत, तीसेक तरी. कामिया आहे, वेट्टी आहे, सेवक आहे, वर आणखी सेवकियाही आहे. लग्नगडी नाही. कायद्याच्या दृष्टीनं त्यानं काही अडत नाही, व्याख्या सगळ्यांनाच धरते. पण मी कारकून आहे. यादीत नाव नसलं की मला चैन पडत नाही. दोनदा वाचली. तिथे तो शब्द नाहीच. सौ. म्हणाली, "अहो, दिवा घालवा. उद्या पहिली एस.टी. चुकेल."

दुसऱ्या दिवशी मी मामांना सांगून टाकलं. शटरजवळ, सकाळी, अजून कोणी आलं नव्हतं तेव्हा. म्हटलं, "मामा, आमचे आजोबा दिवाणजी होते. इकडेच."

"कोणत्या मालकाकडे?"

मी नाव सांगितलं. मामांनी ते नाव ऐकल्याचं चेहऱ्यावरून दिसलं नाही. त्यांनी कुलपाला तेल सोडलं.

"आजी सांगायची एका दिवाणजीचं," ते म्हणाले. "चष्मा लावायचा. कानावर पेन्सिल. अंगठा घेतला की फडक्यानं शाई पुसायला द्यायचा. बाकीचे देत नसत."

मी जवळजवळ सुटकेचा श्वास टाकला. आमच्या हॉलमध्ये आजोबांचा फोटो आहे, काळा कोट, पगडी, करारी मुद्रा. त्या फोटोत चष्मा नाही. म्हणजे हे दुसरे कोणी दिवाणजी. पण दिवसभर कॅश मोजताना ते फडकं डोळ्यांपुढे येत राहिलं. वाटलं, दुसरे असतील तर फडकं देणारेही दुसरेच. संध्याकाळी गावी आईला फोन लावला.

"चष्मा?" आई म्हणाली. "अरे, चष्म्याशिवाय त्यांना ताटातलं मीठ दिसत नसे. फोटोपुरता काढला होता. फोटोवाला म्हणाला, काच चमकते."

फळ्याचं काम शेवटी फ्लेक्सवाल्यानं सोपं केलं. तो म्हणाला, "साहेब, वर 'इतर सेवा' टाकतो. सगळ्या बँकांचं तेच करतो. फाईल तयार आहे." साहेबांना शब्द आवडला. छोटा होता. फोटो वर गेला, वरून 'नोटेड' आलं.

फ्लेक्स लावताना शिडी मी धरली होती. शिडीवर मामा होते. तेव्हा मी त्यांना चष्म्याचं सांगितलं. त्यांनी तोंडातला खिळा काढला, भिंतीत ठोकला, दोरी ओढून बांधली.

"असेल," ते म्हणाले. "डावीकडं सरळ आहे का बघा."